मल्लवीर कै. खाशाबा जाधव

सातारा जिल्ह्यात कऱ्हाडनजीक गोळेश्वर येथे १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः मल्ल. आखाड्याची माती बालपणीच अंगास लागली. शरीरयष्टी मात्र लहानखुरी. १९४८ साली लंडन ऑलिंपिकमध्ये ते ५२ किलोंच्या सर्वांत हलक्या गटात उतरले. मातीत वाढलेल्या या मल्लास तेथे गादीवर झुंजावे लागले, तरी सहावे स्थान मिळाले.

पुढे जोर, बैठका व लढती यांचा नेम चालवून १९५२ साली हेलसिंकीस ते ५७ किलोंच्या गटात उभे राहिले. चार वर्षांत एकाच गटाची ही चढण आमच्या तरुणांस अल्प वाटेल. त्यांस महिन्याभरात दंड फुगलेले हवेत! परंतु कुस्तीत चरबीही तराजूवर मोजली जाते आणि लढतीत उपयोगी पडत नाही. वाढ स्नायूंची हवी, चपळता घटता कामा नये. खाशाबांचे खरे बळ चपळतेतच होते.

प्रवासास पैसा नव्हता. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. (अध्यापकाने हे करावे, याचा आम्हां शिक्षकांस अभिमान वाटतो.) खाशाबांनी कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कुस्त्या भरवून त्यांनी ते कर्ज फेडले.

१९५५ साली ते पोलीस खात्यात गेले. गुडघ्याच्या दुखापतीने १९५६ चे ऑलिंपिक हुकले. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले; अर्जुन पुरस्कार मरणोत्तर लाभला.