धैर्याचा वारसा



आपली मुले सत्याने वागणारी व्हावीत असे आपणा सर्वांना वाटते. त्यासाठी आपण त्यांना उपदेशही पुष्कळ करतो. पण नैतिक धैर्य उपदेशाने येते का? पंडिता रमाबाईंचे जीवन या बाबतीत आपल्याला खूप काही शिकवते.

त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. त्या काळी स्त्रियांनी संस्कृत शिकणे समाजाला मान्य नव्हते. तरी शास्त्रीबुवांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकवले. त्याबद्दल उडुपी येथे पंडितांच्या सभेपुढे त्यांना जाब द्यावा लागला. त्यांनी शास्त्रांचेच आधार देऊन आपली बाजू मांडली व हाती घेतलेले काम सोडले नाही. विरोधाला कंटाळून हे कुटुंब सह्याद्रीतील गंगामूळच्या रानात राहू लागले. तेथेच २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

आता वडील वृद्ध झाले होते, म्हणून आईने रमाबाईंना शिकवले. थोरल्या मुलीचे लग्न रीतीप्रमाणे लहानपणीच लावून दिले होते व ते सुखाचे झाले नव्हते. ते पाहून वडिलांनी रमाबाईंचे लग्न बालपणी केले नाही. लोकांनी नावे ठेवली, ती त्यांनी सोसली. आपली चूक सुधारायलाही धैर्य लागते, हे त्या मुलीने घरातच पाहिले.

रमाबाई सोळा वर्षांच्या असताना दुष्काळात आईवडील गेले. सन्मार्ग सोडू नकोस, असे वडिलांनी अखेरच्या वेळी सांगितले. त्यांनी स्वतः तो सोडला नव्हता, म्हणून ते शब्द मुलीच्या मनात राहिले.

पुढे १८८० साली रमाबाईंनी जातीबाहेर विवाह केला. दोन वर्षांतच वैधव्य आले. कडेवर तान्ही मनोरमा. तरी त्याच वर्षी हंटर कमिशनपुढे उभे राहून त्यांनी स्त्री-शिक्षिका व स्त्री-डॉक्टरांची मागणी केली. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वडील निष्ठावंत हिंदू होते. मुलीने वेगळी वाट धरली. पण जे सत्य पटले त्यासाठी किंमत मोजायची, हे ती त्यांच्याच घरी शिकली होती. १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झाले व पुढच्या वर्षी ते पुण्याला गेले. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठले, पालकांनी मुली काढून नेल्या. बाई डगमगल्या नाहीत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी शेकडो मुलींना केडगावला आणून आसरा दिला. आईचे हे जीवन पाहत वाढलेली मनोरमा पुढे त्याच कार्यात तिचा उजवा हात बनली. १९२१ साली मनोरमाबाई वारल्या व १९२२ साली रमाबाईही देवाघरी गेल्या.

पालकहो, आपल्या घरात मुले काय पाहतात? दारात कोणी आले की बाबा घरी नाहीत म्हणून सांग, असे आपणच त्यांना सांगतो. उत्पन्नाचा खोटा दाखला कसा मिळवायचा, याची चर्चा आपण त्यांच्यादेखत करतो. शेजारच्या घरी सुनेचा छळ होत असला तर आपल्याला काय करायचे, म्हणून दार लावून घेतो. मग रविवारी मुलांना खरे बोला म्हणून सांगितले, तर ती काय शिकतील?

मुलांच्या डोळ्यांदेखत एखादी खरी गोष्ट नुकसान सोसूनही करण्याचे बळ प्रभू आपणास देवो.