अण्णासाहेब किर्लोस्कर : चार अंकांचा आरंभ

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे शाळेंत एक तक्रार हटकून ऐकूं येते. पोषाख आले नाहींत, तालमी पुऱ्या झाल्या नाहींत, गाणारा मुलगा मिळत नाहीं. तेव्हां यंदां नाटक राहूं द्यावें हें बरें. ही तक्रार कानीं पडली कीं मला एका गृहस्थांची आठवण होते. त्यांचें तर नाटकच पुरें लिहून झालेलें नव्हतें. तरी त्यांनीं पडदा उघडला, आणि त्या रात्रीपासून मराठी रंगभूमि खऱ्या अर्थानें गाऊं लागली. ते गृहस्थ म्हणजे बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर. त्यांचें अल्पचरित्र आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

अण्णासाहेबांचा जन्म बेळगांव जिल्ह्यांतील गुर्लहोसूर या गांवीं ३१ मार्च १८४३ रोजीं झाला. हा मुलूख कानडी व मराठी या दोन भाषांच्या सरहद्दीवरचा. म्हणून दोन्ही भाषा आणि दोन्हींकडील पदांच्या चाली लहानपणींच त्यांच्या कानांत बसल्या. योगायोग असा कीं, त्याच सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं ‘सीतास्वयंवर’ हा खेळ करून मराठी नाटकाचा पाया घातला. त्या काळच्या खेळांत पदें सूत्रधारानें म्हणावयाचीं, आणि देव व राक्षस झालेल्या नटांनीं आपलीं भाषणें बहुधा आयत्या वेळीं रचावयाचीं, असा प्रघात होता.

अण्णासाहेब शिक्षणासाठीं पुण्यास आले. परंतु पुस्तकांपेक्षां नाटकमंडळ्यांकडे त्यांचे पाय अधिक वळत. नाटकवाल्यांना पदें रचून देण्यांत त्यांचा वेळ जाई. १८६६ च्या सुमारास ‘भरतशास्त्रोत्तेजक मंडळी’ या नांवाची एक नाटकमंडळी त्यांनीं स्वतः उभारली. पण ती फार दिवस चालली नाहीं. अभ्यास मागें पडला आणि मंडळीही मोडली. त्या वेळीं एखाद्या वडीलधाऱ्या माणसानें हा मुलगा वायां गेला असें म्हटलें असतें, तर त्याला दोष देतां आला नसता.

पुढें पोटासाठीं त्यांनीं बेळगांवास शिक्षकाची नोकरी केली. तेथें त्यांच्या हाताखालीं शिकलेल्या मुलांत गोविंद बल्लाळ देवल हे एक होते. ‘शारदा’ नाटक लिहिणारे देवल ते हेच. आम्हां शिक्षकांच्या वांट्यास असें भाग्य क्वचितच येतें! १८७३ सालीं अण्णासाहेबांनीं आद्य शंकराचार्यांच्या चरित्रावर एक गद्य नाटक लिहिलें. त्यानंतर पुण्यास रेव्हिन्यू कमिशनरच्या कचेरींत त्यांना नोकरी मिळाली. संसार मार्गीं लागला, वय सदतिसाच्या घरांत आलें, आणि नाटकाचा नाद आतां सुटला असेंच कोणासही वाटलें असतें.

परंतु १८८० सालीं एका पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा गाण्यांचा खेळ त्यांनीं पुण्यांत पाहिला, आणि मराठींत असें नाटक कां होऊं नये, या विचारानें त्यांना पछाडलें. पात्रांनीं स्वतः गावें असा प्रयत्न त्यांच्या थोडें आधीं मुंबईस सोकर बापूजी त्रिलोकेकर यांनीं केला होता. अण्णासाहेबांनीं कालिदासाचें ‘शाकुंतल’ निवडलें. संस्कृतांतील भारदस्त नाटक सामान्य प्रेक्षकांस गोड वाटावें म्हणून त्यांनीं लोकांच्या कानांतल्याच चाली उचलल्या. कीर्तनांतल्या साक्या व दिंड्या, लावणीचा ठसका, लहानपणीं ऐकलेल्या कानडी पदांचे वळण, आणि त्यांच्या जोडीला रागदारी, असें तें मिश्रण होतें. सूत्रधाराचें काम नांदी व प्रवेशापुरतें राहिलें. दुष्यंताचें दुःख दुष्यंतानें गावें आणि शकुंतलेचें शकुंतलेनें, असा नवा नियम झाला.

हें सर्व करावयाचें, पण कोणाच्या बळावर? पदरीं मोठें भांडवल नव्हतें, कसलेल्या नटांचा ताफा नव्हता. नाटकांत काम करणें हें त्या काळीं घरंदाज माणसास कमीपणा आणणारें समजलें जाई. मग सरकारी नोकरानें तोंडाला रंग लावावा हें तर लोकांना विपरीतच वाटे. तरीही चारदोन गुणी माणसें जमलीं. मोरोबा वाघुलीकर व बाळकोबा नाटेकर हे दोघे गळ्याचे धनी. मोरोबांनीं दुष्यंताची भूमिका घेतली, बाळकोबा कण्व झाले. स्त्रिया रंगभूमीवर येत नसत, म्हणून शकुंतलेचा वेष शंकरराव मुजुमदार या तरुणानें घेतला. सूत्रधाराच्या जागीं स्वतः अण्णासाहेब उभे राहिले.

मूळ नाटकाचे अंक सात. त्यांतील पहिले चार तेवढे हातीं तयार होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत ते चारच अंक त्यांनीं प्रेक्षकांपुढें ठेविले. शकुंतला सासरीं जावयास निघाली आणि पडदा पडला! परंतु प्रेक्षक तृप्त होऊन गेले, आणि किर्लोस्कर मंडळीचें नांव झालें. उरलेले अंक अण्णासाहेबांनीं मागाहून पुरे केले.

येथें विद्यार्थ्यांनीं एक भेद ध्यानांत ठेवावा. ते चार अंक अपुरे होते, कच्चे नव्हते. जेवढें दाखवावयाचें तेवढें अण्णासाहेबांनीं घासून पुसून तयार केलें होतें. अपुऱ्या कामाची लाज बाळगूं नये. कच्च्या कामाची मात्र अवश्य बाळगावी.

१८८२ सालीं बडोद्याचे भाऊराव कोल्हटकर मंडळींत आले. त्यांचा आवाज असा कीं, ध्वनिवर्धक यंत्र नसतांही तो शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोंचे. शकुंतलेची भूमिका पुढें त्यांजकडे आली. त्याच सालीं अर्जुन व सुभद्रा यांच्या विवाहाच्या कथेवर अण्णासाहेबांनीं ‘सौभद्र’ रंगभूमीवर आणलें, आणि तेंही प्रथम तीनच अंकांचें. बाकीचे अंक मागाहून आले. १८८४ सालीं ‘रामराज्यवियोग’ या नाटकाचाही असाच तीन अंकांनीं आरंभ झाला. परंतु या खेपेस काळ थांबला नाहीं. २ नोव्हेंबर १८८५ रोजीं, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षीं, अण्णासाहेब निवर्तले, आणि तें नाटक कायमचें अपुरें राहिलें. अर्ध्या कामानें आरंभ करण्याच्या रीतींत हा धोका असतोच, हेंही मुलांपासून लपवून ठेवूं नये. तथापि संपूर्ण सिद्धता होईपर्यंत ते थांबते, तर ‘शाकुंतल’ही झालें असतें कीं नाहीं याची शंकाच आहे.

ज्यांना त्यांनीं जमविलें, त्यांनींच त्यांच्यामागें मंडळी चालविली. मुजुमदारांनीं व्यवस्था पाहिली, देवलांनीं तालमी घेतल्या, भाऊरावांनीं गाण्यानें नाटकगृहें भरलीं. १९०५ सालीं नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, याच मंडळींत आले आणि त्याच ‘शाकुंतला’ची नायिका होऊन रंगभूमीवर उभे राहिले.

हिंदुस्थानांत ग्रामोफोनसाठीं गाणीं मुद्रित करण्यास १९०२ सालीं कलकत्त्यास आरंभ झाला. पुढें नाट्यपदांच्या तबकड्या घरोघर वाजूं लागल्या. पण तोंवर अण्णासाहेबांना जाऊन सतरा वर्षें, आणि भाऊरावांना जाऊन एक वर्ष, झालें होतें. भाऊरावांच्या ज्या आवाजानें लोक वेडे झाले, तो आज कोणासही ऐकतां येत नाहीं. उरल्या आहेत त्या अण्णासाहेबांनीं बांधलेल्या चाली. आपल्या नागपुराच्या पूर्वेस झाडीपट्टींत दिवाळीनंतर रात्ररात्र नाटकें होतात. तेथें नट संवाद थांबवून गाऊं लागतो, तेव्हां प्रेक्षकांस त्यांत कांहींच नवल वाटत नाहीं. पण एके काळीं तें नवल होतें.

तेव्हां मुलांनो, यंदांच्या संमेलनास तुमचा एकच प्रवेश बसला असेल, तर तो एकच करा. पण तो चांगला पाठ करून करा. आणि पालकांस विनंति अशी कीं, त्या रात्रीं आपण अवश्य यावें, व पुढचे अंक केव्हां होणार हें मुलांस घरीं गेल्यावर विचारावें.