पहिलं वर्ष तालमीचं

लोकमान्य टिळक म्हटलं की आपल्याला शेंगांची टरफलं आठवतात, नाहीतर गणेशोत्सव. आपण तर त्यांच्याच गावात शिकतो. टिळक आळीतलं त्यांचं जन्मघर बऱ्याच जणांनी पाहिलंही असेल. पण हॉस्टेलवर राहणाऱ्यांना जवळची वाटावी अशी त्यांची एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. टिळक कॉलेजच्या पहिल्याच वर्षी नापास झाले होते, आणि तेसुद्धा व्यायामापायी!

२३ जुलै १८५६ ला रत्नागिरीत त्यांचा जन्म झाला. वडील गंगाधरपंत शिक्षक, संस्कृत आणि गणितात तयार. १८६६ मध्ये वडिलांची बदली झाली आणि कुटुंब पुण्याला गेलं. थोड्याच दिवसांत आई पार्वतीबाई वारल्या. १८७२ च्या ऑगस्टमध्ये वडीलही गेले. तेव्हा टिळक १६ वर्षांचे होते, लग्न झालेलं होतं आणि मॅट्रिक तोंडावर आली होती. त्याच वर्षाअखेर ते मॅट्रिक पास झाले आणि १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात दाखल झाले.

त्या काळी मॅट्रिक होणारेच थोडे, त्यातून डेक्कन कॉलेजपर्यंत पोचणारे आणखी थोडे. कॉलेज पुणे शहराबाहेर, मुळा-मुठेपलीकडे, आणि मुलं तिथल्याच वसतिगृहात राहायची. अशा ठिकाणी जागा मिळाल्यावर कुणीही पुस्तकाला चिकटून बसला असता. टिळकांनी उलट केलं. डोकं तल्लख होतं, पण प्रकृती अगदीच किरकोळ. या शरीराच्या जोरावर पुढे काही जमणार नाही हे त्यांनी ओळखलं आणि पहिलं वर्ष शरीर कमावण्यासाठी द्यायचं ठरवलं. मग तालीम, कुस्ती, नदीत पोहणं, होडी वल्हवणं आणि भरपूर खाणं हाच अभ्यासक्रम! औषधांच्या बाटल्या जमवणाऱ्या नाजूक मित्रांची ते खोलीत जाऊन खोड काढत. तोंडावर स्पष्ट बोलण्यामुळे मुलांनी त्यांचं नाव ‘ब्लंट’ ठेवलं होतं. वर्ष संपता संपता अंग भरलं, प्रकृती सुधारली. परीक्षा मात्र गेली.

आता इथे थांबून नीट हिशोब मांडला पाहिजे. कारण केटी लागलेले आमचे काही मित्र ही गोष्ट ऐकल्यावर लगेच कॉलर ताठ करतील!

पहिली गोष्ट, वर्ष जाऊ शकतं हे टिळकांना कळत होतं. गेल्यावर त्यांनी पेपर तपासणाऱ्याला दोष दिला नाही. दुसरी गोष्ट, वडिलांनी मागे ठेवलेली शिल्लक होती आणि काका घर सांभाळत होते, म्हणून एक वर्ष जास्तीचं परवडलं. ज्याची फी घरच्यांनी कर्ज काढून भरली आहे, त्याचा हिशोब वेगळा. आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्यांनी एकच वर्ष दिलं. दुसऱ्या वर्षापासून पुस्तकं उघडली ती उघडलीच. केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारखे गणित आणि ज्योतिषाचे जाणकार प्राध्यापक त्यांना लाभले. बी.ए.ला टिळक गणित घेऊन पहिल्या वर्गात आले. एम.ए. काही झाली नाही, पण १८७९ मध्ये एल.एल.बी. झाले. त्याच दिवसांत गोपाळराव आगरकरांशी रात्ररात्र चर्चा रंगायच्या. त्यातूनच सरकारी नोकरीच्या वाटेला जायचं नाही हे ठरलं. १८८० मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांबरोबर न्यू इंग्लिश स्कूल निघालं, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा, १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. फर्ग्युसनमध्ये टिळक गणित शिकवत.

तालमीतल्या त्या वर्षाचा उपयोग पुढे तुरुंगात झाला. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात आगरकर आणि टिळक १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. दोघांचंही वजन घटलं. १८९७ मध्ये राजद्रोहाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली, त्यातलं जवळपास एक वर्ष भोगावं लागलं. १९०८ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, सहा वर्षं मंडाले. तिथला उन्हाळा, मधुमेह, त्यात १९१२ मध्ये पत्नी गेल्याची बातमी. याच तुरुंगवासात त्यांनी गीतारहस्य लिहून काढलं. १९१४ मध्ये सुटले आणि दोनच वर्षांत होमरूलसाठी गावोगाव फिरू लागले. हे शरीर तालमीत तयार झालं नसतं तर इतका भार पेललं असतं का, असं त्यांचं चरित्र वाचताना राहून राहून वाटतं.

पण गणितही वाया गेलं नाही हे विसरून चालणार नाही. १८९३ च्या ओरायन या ग्रंथात त्यांनी आकाशातल्या नक्षत्रांच्या स्थानावरून वेदांचा काळ मोजायचा प्रयत्न केला. पंचांग सुधारण्याच्या कामातही तोच विषय उपयोगी पडला. त्यांनी काढलेला काळ सगळ्या विद्वानांनी मान्य केला असं नाही, पण असं पुस्तक लिहायला नुसते दंड पुरत नाहीत.

१ ऑगस्ट १९२० ला मुंबईत त्यांचं निधन झालं.

आपल्यातले कितीतरी जण बारावीपर्यंत कबड्डी, क्रिकेट, खो-खो खेळून इथे येतात. सबमिशन आणि व्हायव्हाच्या रगाड्यात बॅट कॉटखाली जाते ती जातेच. काही जण याच्या उलट, मैदानावरच चार वर्षं काढतात. टिळकांनी दोन्हींना न्याय दिला, पण त्यासाठी एक वर्ष मोजलं. आपण खेळाला किती वेळ देणार आणि तो कुठल्या खात्यातून काढणार, हे सेमिस्टरच्या सुरुवातीलाच ठरवलेलं बरं. निकालाच्या दिवशी ठरवलं तर त्याला हिशोब नाही, सबब म्हणतात.