आचार्य विनोबा भावे : एक पुण्यस्मरण

आचार्य विनोबा भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आताच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे येथे झाला. घरोघरी गायिली जाणारी ‘गीताई’ त्यांचीच. भूदानासाठी १९५१ पासून तेरा वर्षे ते देशभर पायी हिंडले आणि १९७० मध्ये पवनारच्या आश्रमात त्यांनी क्षेत्रसंन्यास घेतला. सत्तेच्या राजकारणाहून लोकनीती श्रेष्ठ, हा त्यांचा दृढ विचार होता. तथापि आणीबाणीच्या काळातील त्यांच्या भूमिकेमुळे काही जुने सहकारी दुरावले.

मतभेदांच्या याच पर्वात जैन समाजाला मात्र त्यांनी एकत्र आणले. सर्व पंथांना मान्य असा एक ग्रंथ असावा, ही त्यांची तळमळ होती. त्यांच्या प्रेरणेने जिनेंद्र वर्णी यांनी संकलन केले. १९७४ मध्ये दिल्लीच्या संगीतीत दिगंबर व श्वेतांबर मुनी आणि विद्वानांनी त्यावर एकत्र विचार केला आणि ७५६ गाथांचे ‘समणसुत्तं’ सिद्ध झाले.

नोव्हेंबर १९८२ मध्ये प्रकृती ढासळताच विनोबांनी अन्न, पाणी व औषध यांचा त्याग केला. १५ नोव्हेंबर रोजी, भगवान महावीरांच्या निर्वाणदिनी, त्यांनी देह ठेवला. पंथभेद बाजूस सारून ‘समणसुत्तं’चा स्वाध्याय करणे, हीच त्यांना खरी आदरांजली ठरेल.