महागुरुस्वामी आंद्रेय शेप्तित्स्की : राष्ट्रप्रेम आणि पाचवी आज्ञा



१ नोव्हेंबर १९४४ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या दिवशी, युक्रेनमधील ल्विव्ह शहरात महागुरुस्वामी आंद्रेय शेप्तित्स्की प्रभूघरी गेले. ते ग्रीक कॅथोलिक होते. आपल्याकडील सिरो-मलबार बंधुभगिनींप्रमाणे त्यांची उपासनापद्धती वेगळी, परंतु पोपमहोदयांशी ऐक्य आपल्यासारखेच.

१८६५ साली एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. घराणे मूळचे युक्रेनियन. परंतु पिढ्यान्‌पिढ्या पोलिश भाषा आणि चालीरीतींत रुळलेले. वडिलांचा विरोध असतानाही त्यांनी १८८८ साली बासिलियन मठात प्रवेश केला आणि ते पूर्वजांच्या उपासनेकडे परतले. ती गरीब शेतकऱ्यांची उपासना होती. १९०१ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, ते ल्विव्हचे महागुरुस्वामी झाले.

कोसॅक पूर्वजांच्या आठवणी जपणारा हा समाज तेव्हा ऑस्ट्रिया आणि रशिया या दोन साम्राज्यांत विभागला गेला होता. राष्ट्र केवळ तलवारीने उभे राहत नाही, हे महागुरूंनी ओळखले. त्यांनी रुग्णालय उभारले, शाळांना मदत केली, कलावंतांना आधार दिला. १९०५ साली संग्रहालय स्थापून जुनी पवित्र चित्रे व हस्तलिखिते जतन केली. १९१४ साली रशियन सैन्याने त्यांना कैद करून नेले. १९१७ च्या क्रांतीनंतरच त्यांची सुटका झाली.

खरी कसोटी पुढे होती. सोव्हिएत जुलूम सोसलेल्या त्यांच्या लोकांना १९४१ साली जर्मन सैन्य मुक्तिदाते वाटले. महागुरूंनीही प्रारंभी त्यांचे स्वागत केले. हे आपण झाकू नये. पण यहुदी लोकांची कत्तल सुरू झाली आणि तीत आपलेच काही लोक सामील असल्याचे त्यांनी पाहिले. १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी पोपमहोदयांना सर्व कळवले. नोव्हेंबरमध्ये पाचव्या आज्ञेवर पत्र लिहून आपल्याच प्रजेला बजावले, की राजकीय हेतूने केलेला खूनही खूनच असतो. पक्षाघाताने खुर्चीला खिळलेल्या या वृद्धाने, बंधू फादर क्लिमेंती आणि मठवासीयांच्या मदतीने, सुमारे दीडशे यहुद्यांना मठांत व अनाथालयांत लपवून वाचवले. त्यांत बहुतेक मुले होती.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली त्यांना ‘आदरणीय’ घोषित केले.

आपली भाषा, आपली माणसे, आपला गाव यांच्यावर प्रेम करणे हे देवाचे दान आहे. पण ज्या प्रेमाला परक्याचे लेकरू दिसत नाही, ते प्रेम अपुरे आहे. आपण आपल्या माणसांना त्यांची चूक सांगतो का? या आठवड्यात प्रार्थनेत आपण स्वतःला हा प्रश्न विचारू या.