डोळे पुसल्यानंतरचा श्याम

आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ १९५३ साली पडद्यावर आला. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांना प्रारंभ झाला आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक या मराठी चित्रपटाने मिळविले. वनमालाबाईंनी आई साकारली होती, माधव वझे यांनी श्याम, आणि संगीत होते वसंत देसाई यांचे. चित्रपटगृहात शिरताना खिदळणारी मुले बाहेर पडताना गप्प असत. त्या मुलांना आज नातवंडे झाली आहेत. लहानपणी पाहिलेले कितीतरी चित्रपट त्यांच्या स्मरणातून गेले. पण अंघोळीनंतर पायांना माती लागू नये म्हणून हटून बसलेला श्याम आणि त्याच्या ओल्या तळव्यांखाली आपले लुगडे पसरणारी आई मात्र गेली नाही. पायांना जपतोस तसे मनालाही जप, ही तिची शिकवण अनेकांनी पुस्तकात वाचण्याआधी पडद्यावर पाहिली.

ज्याची ही कहाणी, त्याने मात्र हा चित्रपट पाहिला नाही. तो येण्यापूर्वी तीन वर्षे साने गुरुजींनी जगाचा निरोप घेतला होता. चित्रपट आईच्या मृत्यूपाशी थांबतो. प्रेक्षक डोळे पुसून उठतो. श्यामचे खरे आयुष्य सुरू होते ते तिथून पुढे, आणि नेमके तेच आपल्या स्मरणात अंधुक राहिले आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणातील पालगडचा. एकेकाळी सुस्थितीत असलेल्या खोताच्या घराला उतरती कळा लागली होती. अभिमानी वडील, कर्जाचा डोंगर आणि त्यात मुलांना घडवू पाहणारी यशोदाबाई, असे ते घर होते. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे अशी वणवण करीत, अर्धपोटी राहून मुलगा शिकत गेला. १९१७ साली आई गेली तेव्हा तो जवळ नव्हता. त्याने वयाची अठरा वर्षेही पुरी केली नव्हती. ज्या आईच्या सुखासाठी शिकायचे ती शिक्षण पुरे होण्याआधीच गेली, ही रुखरुख त्यांना आयुष्यभर पुरली.

एम. ए. होऊन १९२४ मध्ये ते खानदेशात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, आजारी मुलाच्या उशाशी रात्र जागविणे ही कामे गुरुजींनी आपण होऊन पत्करली. स्वतःच्या हाताने ते मुलांसाठी दैनिक लिहून काढीत. जी माया आईकडून मिळाली आणि जिची परतफेड करायची राहून गेली, ती ते दुसऱ्यांच्या मुलांवर उधळीत होते.

१९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या चळवळीसाठी त्यांनी नोकरी सोडली आणि तुरुंगाच्या वाऱ्या सुरू झाल्या. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेतील सत्याग्रहींच्या सहवासात त्यांना भारतातील इतर भाषांची ओढ लागली. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली. ती गुरुजींनी टिपून घेतली म्हणूनच आज आपल्या हाती आहेत. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत त्यांनी ‘श्यामची आई’ लिहून काढली. दिवसभराचे श्रम आटोपल्यावर रात्री बसून लिहिलेले हे पुस्तक त्यांच्या लेखी साहित्यकृती नव्हतेच. ते आईचे ऋण होते.

या पुस्तकात एक प्रसंग आहे. रस्त्यात एका म्हातारीची लाकडांची मोळी खाली पडते. ती अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीची. म्हणून कोणी हात लावीत नाही. श्यामची आई त्याला मोळी उचलून द्यायला पाठविते आणि घरी येऊन अंघोळ करायलाही सांगते. माणुसकी आणि रूढी यांच्यामध्ये उभ्या असलेल्या त्या खेड्यातल्या बाईने आपल्या कुवतीप्रमाणे काढलेली ही वाट होती. मुलाने ती पुढे चालविली आणि अंघोळीची अट गाळून टाकली. आईची शिकवण नुसती जपायची नसते, तिच्या पुढे जायचे असते, हे गुरुजींच्या चरित्राचे मर्म या एका प्रसंगात सामावले आहे.

त्याची कसोटी पंढरपुरात लागली. सारा महाराष्ट्र ज्याला माउली म्हणतो त्या विठ्ठलाच्या मंदिरात हरिजनांना प्रवेश नव्हता. गुरुजी कित्येक महिने गावोगाव हिंडून लोकमत जागे करीत होते. तेवढ्याने दारे उघडेनात, तेव्हा १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरात प्राणांतिक उपोषण आरंभिले. सनातन्यांनी निंदा केली, निदर्शने केली; गुरुजी ढळले नाहीत. अखेर मंदिर खुले करण्याचे मान्य झाले तेव्हाच त्यांनी उपोषण सोडले. रडवा, हळवा, मुलांचा लेखक म्हणून ज्यांची बोळवण केली जाते, त्यांनी आपल्या प्राणांचे मोल लावून शतकांचे दार उघडविले. अमळनेरचे गिरणी कामगार आणि खानदेशातील शेतकरी यांच्या लढ्यांतही हाच हळवा माणूस पुढे होता.

पुढचा काळ मात्र त्यांना सोसवला नाही. फाळणीच्या रक्तपातामागून गांधीजींची हत्या झाली. गुरुजींनी आत्मशुद्धीसाठी एकवीस दिवसांचे उपोषण केले. १५ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांनी ‘साधना’ साप्ताहिक सुरू केले, ते आजही निघते. भारतातील भाषा आणि माणसे एकमेकांच्या जवळ यावीत म्हणून ‘आंतरभारती’चे स्वप्न त्यांनी पाहिले. पण मनातील खिन्नता वाढत गेली. ११ जून १९५० रोजी, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, झोपेच्या गोळ्या घेऊन त्यांनी आपली जीवनयात्रा संपविली. साऱ्या महाराष्ट्राच्या मुलांना जवळ घेणाऱ्या या माणसाचे दुःख त्या वेळी कोणाला पुरते कळले नाही, ही खंत उरतेच.

२०२३ मध्ये ‘श्यामची आई’ नव्याने पडद्यावर आला. पुढच्या पिढीतील मुलेही तो पाहून रडतील, रडावेच. लहान वयात दुसऱ्याच्या दुःखाने डोळे भरून येणे हा मनावरचा मोठा संस्कार आहे. फक्त त्यांच्या शेजारी बसलेल्या आजी-आजोबांनी घरी परतताना एवढे अवश्य सांगावे, की गोष्ट येथे संपत नाही. आईमागे पोरका झालेला तो मुलगा पुढे एका बंद मंदिराच्या दारापाशी जाऊन बसला होता, आणि ते उघडेपर्यंत उठला नव्हता.