हेन्री मॉरिस : गरीब जिल्ह्याने उभारलेली गावाची शाळा

केंब्रिज शहराच्या दक्षिणेला सॉस्टन नावाचे गाव आहे. जवळच बॅब्रहॅम आणि हिंक्सटन येथे जीवशास्त्र व जनुकविज्ञानाचे मोठे संशोधन परिसर आहेत, त्यामुळे तेथे नोकरीनिमित्त आलेल्या वाचकांना हा भाग ओळखीचा असेल. या गावातील शाळेच्या नावात ‘स्कूल’ हा शब्द नाही. ती सॉस्टन व्हिलेज कॉलेज म्हणून ओळखली जाते. इम्पिंग्टन, बॉटिशॅम, लिंटन, बॅसिंगबोर्न, कॉम्बर्टन या गावांतही हेच नाव आढळते. शाळेला कॉलेज का म्हणतात, हा प्रश्न येथे नव्याने राहायला आलेल्या पालकांना हमखास पडतो. त्याचे उत्तर हेन्री मॉरिस या शिक्षणाधिकाऱ्याच्या आयुष्यात सापडते. तिजोरीत पैसा नसलेल्या एका लहान जिल्ह्याने चांगली शाळा कशी उभारावी, या एकाच प्रश्नाभोवती ते आयुष्य फिरत राहिले.

मॉरिस यांचा जन्म १८८९ मध्ये लँकेशायरमधील साउथपोर्ट येथे झाला. वडील नळकाम करणारे कारागीर होते आणि घरात मुले पुष्कळ होती. चौदाव्या वर्षी त्यांची शाळा सुटली आणि गावातील वृत्तपत्राच्या कचेरीत ते कामाला लागले. पुढे तेथेच बातमीदारी करीत त्यांनी स्वतःचे शिक्षण स्वतः चालू ठेवले. धर्मोपदेशक होण्याच्या इराद्याने १९१० मध्ये ते वेल्समधील लँपिटर येथील महाविद्यालयात दाखल झाले आणि तेथून ऑक्सफर्डला गेले. पहिल्या महायुद्धात त्यांनी लष्कराच्या रसदविभागात अधिकारी म्हणून काम केले. युद्धावरून परतले तेव्हा धर्मोपदेशक होण्याचा विचार मावळला होता. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात तत्त्वज्ञानाचा अभ्यास करून ते पदवीधर झाले आणि शिक्षणखात्याच्या प्रशासनात शिरले. आपल्या बालपणाविषयी ते सहसा बोलत नसत. पुढील आयुष्यात त्यांची राहणी, वेशभूषा आणि संगीत-चित्रकलेची आवड पाहून अनेकांना ते उच्चभ्रू घराण्यातील वाटत. परंतु चौदाव्या वर्षी शाळेचे दार बंद झाल्यावर मुलाचे काय होते, हे त्यांना कोणत्याही अहवालातून शिकावे लागले नव्हते.

रिकामी तिजोरी

१९२२ मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षाच्या आसपास, मॉरिस केंब्रिजशायर परगण्याचे शिक्षण सचिव झाले. हे पद त्यांनी १९५४ पर्यंत सांभाळले. त्या काळचे केंब्रिजशायर आजच्यापेक्षा बरेच लहान होते. ईलीचा भाग आणि हंटिंग्डन यांचे कारभार वेगळे होते. विद्यापीठाची कीर्ती जगभर असली, तरी शहराबाहेरचा परगणा हा इंग्लंडमधील गरीब शेतीप्रदेशांपैकी एक होता.

या गरिबीचा शाळांशी असलेला संबंध समजण्यासाठी त्या वेळची करपद्धती पाहावी लागते. शाळांचा खर्च दोन वाटांनी येई. एक वाट लंडनहून मिळणाऱ्या सरकारी अनुदानाची आणि दुसरी स्थानिक ‘रेट्स’ची. रेट्स म्हणजे आपल्याकडील घरपट्टीसारखा, मालमत्तेच्या मूल्यावर आकारला जाणारा कर. पौंडामागे एक पेनी कर वाढवला, तर कारखाने आणि बाजारपेठा असलेल्या परगण्यात भरपूर रक्कम जमा होई. शेते आणि मजुरांच्या झोपड्या असलेल्या परगण्यात त्याच पेनीतून फारच थोडे मिळे. त्यातच शेतीमालाचे भाव पडले म्हणून शेतजमिनीवरील कर सवलतीने घटवत आणला गेला आणि १९२९ मध्ये ती जमीन या करातून पूर्णपणे वगळण्यात आली. सरकारने भरपाईदाखल अनुदान दिले, पण परगण्याचे स्वतःचे उत्पन्न मर्यादितच राहिले. मॉरिस पदावर आले त्याच वर्षी गेडिस समितीच्या शिफारशींमुळे देशभर शिक्षणखर्चाला कात्री लागली होती.

गावोगावच्या शाळा बहुतांशी चर्चच्या होत्या. इमारती जुन्या आणि अंधाऱ्या होत्या. पाच वर्षांच्या मुलापासून चौदा वर्षांच्या मुलापर्यंत सगळे एकाच छपराखाली, एका-दोघा शिक्षकांच्या हाताखाली शिकत. हुशार मुलगा शहरातील शाळेत जाई आणि बहुधा गावी परतत नसे. गावात राहणाऱ्याला चौदाव्या वर्षानंतर काहीच उरत नसे.

मॉरिस यांनी पहिले पाऊल उचलले ते चर्चच्या दिशेने. अँग्लिकन आणि इतर प्रोटेस्टंट पंथांतील जुन्या वादामुळे शाळांचे एकत्रीकरण अडून बसले होते. कोणत्या पंथाची शिकवण द्यायची, यावर एकमत होत नव्हते. दोन्ही बाजूंना मान्य होईल असा धर्मशिक्षणाचा सामाईक अभ्यासक्रम केंब्रिजशायरने १९२४ मध्ये तयार केला. तो पुढे इतर परगण्यांतही स्वीकारला गेला. चर्चच्या शाळांतील मोठ्या मुलांना परगण्याच्या शाळेत पाठवण्याचा मार्ग त्यामुळे सुकर झाला. पैशाच्या प्रश्नाला हात घालण्यापूर्वी विश्वासाचा प्रश्न सोडवावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते.

१९२४ चे टिपण

त्याच वर्षाच्या अखेरीस मॉरिस यांनी परगण्याच्या प्रतिनिधींपुढे एक छोटेखानी टिपण ठेवले. व्हिलेज कॉलेजची कल्पना त्यात प्रथम मांडलेली आहे. त्यामागचा हिशेब साधा होता. खेड्यांत पैसा अजिबात नव्हता असे नाही, पण तो विखुरलेला होता. शाळेसाठी एक खाते, ग्रंथालयासाठी दुसरे, रात्रवर्गांसाठी तिसरे, शेतीशिक्षणासाठी चौथे, बालआरोग्य केंद्रासाठी पाचवे. त्याखेरीज महिला मंडळ, माजी सैनिकांची संघटना, स्काउट आणि क्रीडामंडळे आपापल्या परीने एखादी खोली किंवा मैदान शोधत. प्रत्येकाला तुटपुंजी जागा मिळे आणि ती बराच वेळ कुलूपबंद राही.

ही सगळी कामे एका इमारतीत आणावीत, असे त्यांनी सुचवले. अकरा वर्षांखालील मुलांनी आपल्याच गावच्या शाळेत शिकावे. त्यावरील मुलांनी आसपासच्या आठ-दहा गावांसाठी उभारलेल्या मध्यवर्ती कॉलेजात यावे. तेच सभागृह संध्याकाळी नाटकाला व गावसभेला मिळावे, तेच ग्रंथालय प्रौढांनाही खुले असावे, कार्यशाळेत दिवसा मुलांनी आणि रात्री शेतकऱ्यांनी काम शिकावे. अशी सुमारे दहा कॉलेजे सगळ्या परगण्याला पुरतील, असा त्यांचा अंदाज होता. मुख्याध्यापकाऐवजी ‘वॉर्डन’ असा हुद्दा त्यांनी ठेवला, कारण या माणसाची जबाबदारी मुलांपुरती नव्हती. अकराव्या वर्षी शिक्षणाचे दोन टप्पे करण्याची शिफारस हॅडो समितीने देशासाठी केली ती १९२६ मध्ये, म्हणजे या टिपणानंतर.

एकत्रीकरणामुळे खर्च वाचतो, हा युक्तिवाद प्रत्येक सरकार करते. मॉरिस यांचे वेगळेपण असे की, वाचलेला पैसा त्यांनी तिजोरीत परत जाऊ दिला नाही. मोठी मुले गावातून बाहेर जाणार असतील, तर त्या बदल्यात गावाला त्याहून मोठे काही मिळाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता.

वर्गणी, जमीन आणि देणग्या

शालेय खात्याच्या पैशातून शाळा बांधता येई. प्रौढांचे दालन, सभागृह आणि मैदान त्यात सहजी बसत नसे. ही तफावत भरून काढण्यासाठी मॉरिस झोळी घेऊन बाहेर पडले. सॉस्टनमध्ये कागद-उद्योगातील स्पायसर कुटुंब पुढे आले. कार्नेगी न्यासाने अनुदान दिले. देणग्या मिळवण्यासाठी ते अमेरिकेतही गेले. ऑक्टोबर १९३० मध्ये तत्कालीन युवराजांच्या, म्हणजे पुढे राज्यत्याग केलेल्या आठव्या एडवर्ड यांच्या हस्ते सॉस्टनचे उद्घाटन झाले. परगण्याचे वास्तुविशारद डन यांनी ही इमारत बांधली होती. प्रौढांसाठी स्वतंत्र खोल्या, ग्रंथालय, वैद्यकीय कक्ष आणि अंगणात कारंजे, असे तिचे रूप होते. गरीब गावाच्या शाळेत कारंजे कशाला, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला असणार. मॉरिस यांचे मत याबाबत पक्के होते. सुंदर वास्तू ही श्रीमंतांची मिरास नव्हे आणि मूल जे रोज पाहते तेही शिक्षणच असते, अशी त्यांची श्रद्धा होती.

त्यानंतर जागतिक मंदी आली आणि काम थबकले. बॉटिशॅम आणि लिंटन येथील कॉलेजे उभी राहायला १९३७ साल उजाडले. इम्पिंग्टनसाठी मात्र मॉरिस यांनी थेट वॉल्टर ग्रोपियस यांना गाठले. जर्मनीतील बाउहाउस या प्रसिद्ध कलासंस्थेचे हे संस्थापक नाझी राजवटीमुळे देश सोडून १९३४ मध्ये इंग्लंडला आले होते. त्यांचे भागीदार मॅक्सवेल फ्राय यांचे नाव भारतीय वाचकांना वेगळ्या कारणाने ठाऊक असते. स्वातंत्र्यानंतर चंडीगड उभारणाऱ्यांमध्ये ते होते. जवळच्या हिस्टन गावातील मुरांबे बनवणाऱ्या चिव्हर्स कुटुंबाने इम्पिंग्टनसाठी जमीन दिली. ग्रोपियस यांचे मानधन परगण्याला पेलणारे नव्हते, म्हणून मॉरिस यांच्या मित्रमंडळींनी त्यासाठी खासगी वर्गणी गोळा केली. इमारत पूर्ण होण्याआधीच ग्रोपियस हार्वर्डला गेले. १९३९ च्या सप्टेंबरात, महायुद्ध सुरू झाल्याच्या महिन्यात, कॉलेजचे दरवाजे उघडले. आज ती इमारत ब्रिटनच्या सर्वोच्च श्रेणीच्या संरक्षित वास्तूंमध्ये मोडते.

सगळेच साधले असे नाही. इम्पिंग्टनसाठी शिल्पकार हेन्री मूर यांच्याकडून एक शिल्प करून घ्यावे, असा बेत होता. पैशाअभावी तो बारगळला. त्याच कल्पनेतून साकारलेले कुटुंबाचे शिल्प युद्धानंतर स्टीव्हनेज येथील शाळेत बसवले गेले. दहा कॉलेजांपैकी युद्धापूर्वी चारच उभी राहिली. पाचवे, बॅसिंगबोर्नचे, १९५४ मध्ये, म्हणजे मॉरिस निवृत्त झाले त्या वर्षी सुरू झाले. आणखी एक विसंगती नाकारता येत नाही. लोकसहभागाची ही योजना एका माणसाच्या हट्टातून जन्मली होती. गावाला काय हवे, हे मॉरिस पुष्कळदा गावाला न विचारता ठरवत. समित्यांशी वागताना त्यांचा संयम सुटे आणि कुरूप वस्तू दिसली की ते संतापत. तरीही पुढे इमारत चालवायची वेळ आली, तेव्हा त्या गावांतील माणसांनीच ती भरून टाकली, म्हणून ती टिकली.

निवृत्तीनंतर आणि आज

निवृत्तीनंतर मॉरिस यांनी हर्टफर्डशायरमध्ये कलावंतांना परवडणारी घरे व कार्यशाळा मिळवून देण्यासाठी १९५७ मध्ये डिग्सवेल न्यास स्थापन केला. दोन वर्षांनी तेथील वास्तूचे उद्घाटन लेडी माउंटबॅटन यांनी केले. डिसेंबर १९६१ मध्ये मॉरिस यांचे निधन झाले. ते अविवाहित होते. त्यांच्या कल्पनेचा प्रसार मात्र थांबला नव्हता. केंब्रिजशायरमध्ये पूर्वी शाळा-निरीक्षक असलेले स्ट्युअर्ट मेसन यांनी ती लेस्टरशायरमध्ये नेली आणि तेथे सामुदायिक महाविद्यालयांची परंपरा रुजली.

मॉरिस यांच्याच पिढीतील एक माणूस त्याच काळात सातारा जिल्ह्यात वेगळ्या वाटेने हेच काम करीत होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म १८८७ चा आणि मृत्यू १९५९ चा. त्यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये, मॉरिस यांचे टिपण प्रसिद्ध झाले त्याच वर्षी, साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. मॉरिस यांच्या मागे परगण्याचे सरकार होते. भाऊरावांपाशी घरोघरी गोळा होणारे मूठभर धान्य आणि विद्यार्थ्यांचे श्रम होते. दोघांची भेट झाल्याचा कोणताही दाखला नाही. पण ज्या गावाने शाळेसाठी काही दिले आहे, ते गाव शाळा मरू देत नाही, हा अनुभव दोन्हीकडचा आहे.

आज सॉस्टन आणि इम्पिंग्टन या शाळा अकादमी झाल्या आहेत. परगण्याऐवजी न्यास त्या चालवतात आणि निधी केंद्र सरकारकडून येतो. हा निधी प्रामुख्याने विद्यार्थिसंख्येवर ठरतो. संध्याकाळी सभागृहात येणारी साठीची बाई त्या सूत्रात मोजली जात नाही. दिवे, उष्णता आणि पहारेकरी यांचा खर्च मात्र तिच्यासाठीही होतो. शाळेचा ताळेबंद तंग झाला की पहिली टाच याच तासांवर येते. नियामक मंडळावर पालक-प्रतिनिधी म्हणून जाणाऱ्यांपुढे हा विषय आज ना उद्या येतोच. या परिसरात मुले वाढवणाऱ्या मराठी पालकांपुढेही तो येईल.

महाराष्ट्रातही हा प्रश्न शिळा झालेला नाही. कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार सरकारने २०२३ मध्ये पुढे आणला, तेव्हा गावोगावी विरोध झाला. कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेत व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात. विलीनीकरणाची चर्चा करताना या समित्यांनी मॉरिस यांच्या टिपणातील दोन अटी समोर ठेवायला हरकत नाही. लहान मुले आपल्या गावातच शिकतील, ही पहिली. आणि मोठ्या शाळेसाठी जो पैसा एकत्र केला जाईल, त्यातून उभ्या राहणाऱ्या इमारतीची किल्ली शाळा सुटल्यावर त्या सगळ्या गावांच्या हाती राहील, ही दुसरी. केंब्रिजशायरसारख्या गरीब परगण्याला या दोन अटींवरच चांगली शाळा परवडली होती.